विकायचं कुणाला, आणि विचारायचं कुणाला?

गणपतीला पाच दिवस रत्नागिरीला घरी होतो. लॅपटॉप नेला होता पण उघडला नाही (आमच्या क्षेत्रात यालाच सुट्टी म्हणतात). घरात पाऊल टाकल्या टाकल्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. बाबा आणि भाऊकाका एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही आईशी बोलत होते आणि आई इकडचे निरोप तिकडे पोचवत होती. दोघांमधलं अंतर साधारण आठ फूट.

भांडण आंब्यावरून. आमची साठेक कलमं आहेत, दोघा भावांची सामाईक. वाडीतल्या दहा-बारा बागायतदारांनी मिळून एक गट करायचा घाट घातलाय. सगळ्यांचा माल एकत्र, प्रतवारी एकत्र, खोके एका नावाचे, गाडी एक, आणि भाव ठरवणार गट. अट एकच. सभासदाने सगळा माल गटालाच द्यायचा. घरी खाण्यापुरता ठेवा, पण एक पेटीसुद्धा परस्पर विकायची नाही.

काकांना हे शंभर टक्के पटलंय. "एकेकटे गेलो म्हणून तर आयुष्यभर येईल ती पट्टी घेतली ना?" हा त्यांचा सवाल. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा हिशोबाचा कागद. आपण माल पाठवायचा, आणि तो कितीला गेला, किती कापून घेतलं हे चार दिवसांनी त्या कागदावर वाचायचं.

बाबांना नेमकी ती अटच खटकते, आणि त्याला कारण मी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि घरून काम करत होतो. बाजार कधी चालू कधी बंद, झाडावर आंबा तयार. मी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहज टाकलं, "हापूस हवाय का?" तीन दिवसांत चाळीस पेट्या गेल्या. तेव्हापासून आमचा जवळजवळ अर्धा आंबा पुण्यातच जातो. बाबांच्या भाषेत, "साठ वर्षं दुसऱ्याने सांगितलेला भाव ऐकला, आता पाच वर्षं मी सांगतोय. तेवढं राहू दे."

दसऱ्याला गटाची बैठक होती. तोवर निर्णय हवा होता. दोघेही माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग." मंडळी, इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हा विषय कुठल्याही सेमिस्टरला नव्हता. म्हणून पुण्याला परत आल्यावर दोन-तीन वीकेंड वाचत बसलो. आपला माल आपण विकायचा की सगळ्यांनी मिळून, हे भांडण आपल्याकडे किती जुनं आहे आणि त्यात कोण कसं पोळलंय ते शोधत. जे सापडलं ते इथे मांडतो.

सुरुवात आमच्या आजीपासूनच करतो, कारण हापूसच्या आधी घरात हेच भांडण भातावरून झालेलं होतं.

१९६० च्या दशकातल्या अन्नटंचाईत सरकारने धान्याच्या हालचालीवर बंधनं घातली. एका भागातलं धान्य दुसऱ्या भागात न्यायला बंदी आली. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या सरकारने भात आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली, म्हणजे विकायचं तर सरकारलाच. नंतर आली लेव्ही, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने अमुक इतकं धान्य ठरल्या भावाने सरकारला घालायचंच. हेतू वाईट नव्हता. मुंबईसारखं शहर जगवायचं होतं, परदेशातून गहू मागवावा लागत होता, १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षं दुष्काळाची. धान्य मोकळं सोडलं असतं तर ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच ताटात गेलं असतं.

कोकणात मुळात भात पुरायचंच नाही. घर चालायचं ते मुंबईच्या मनीऑर्डरवर. पण आजीचा भाऊ गिरणीत होता आणि त्याला रेशनचा तांदूळ घशाखाली उतरत नसे. मग तो सुट्टीवर आला की जाताना वळकटीत पाच-सहा किलो घरचा तांदूळ बांधून बोटीने मुंबईला न्यायचा. भाऊच्या धक्क्यावर उतरताना पकडलं जाण्याची भीती. आजी सांगते, "स्वतःच्या शेतातला तांदूळ, स्वतःच्या भावाला, आणि चोरासारखा!" कणगीत किती भात आहे हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून तिने पुढच्या खोलीतली कणगी माजघरात हलवली होती.

हाच प्रयोग पुढे देशाच्या पातळीवर झाला. एप्रिल १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या ताब्यात घेतला. व्यापारी बाजूला, खरेदी सरकारची. शेतकऱ्यांनी गहू घरात दाबून ठेवला, खरेदी ठरवल्यापेक्षा खूप कमी झाली आणि पुढच्या वर्षीचा गहू बाजारात यायच्या आत हे धोरण गुंडाळावं लागलं.

इथपर्यंत वाचून मी बाबांच्या बाजूला झुकलो होतो. झालं की मग, ज्याचा माल त्याचं स्वातंत्र्य! पण मग मी आणखी मागे गेलो आणि चित्र उलटं व्हायला लागलं.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं तशीच राहिली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून कर्जरोखे जाळले. हेच ते 'दख्खनचे दंगे'. शाळेत आपण दोन मार्कांसाठी पाठ केले होते.

आता गंमत बघा. त्या काळी शेतकऱ्याला आपला माल कुणालाही विकायला कायद्याने पूर्ण मोकळीक होती. ना लेव्ही, ना बाजार समिती. पण ज्याच्याकडून पेरणीला पैसे घेतले तोच सावकार, तोच व्यापारी, आणि वजनकाटाही त्याचाच. स्वातंत्र्य होतं, गिऱ्हाईक एकच होतं.

वऱ्हाडात तेव्हा मोठ्या कापूस बाजारपेठा होत्या. नियंत्रित बाजाराचा पहिला प्रयोग १८८६ मध्ये कारंज्याला झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. यात इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा होता असं मुळीच नाही. त्यांना गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता. पण ठरलेली जागा, तपासलेलं वजन, उघड व्यवहार या गोष्टी त्यातून आल्या. कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नावांखाली कापून घ्यायच्या प्रकारावर थोडा तरी वचक बसला. १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा याच वाटेवरचा.

पुढे याच बाजार समित्यांमध्ये ठरावीक परवानेवाल्यांचं राज्य झालं हा इतिहास वेगळा. आंब्याच्या घाऊक बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा हे तर कोकणातल्या प्रत्येक घराने ऐकलेलं आहे. शिवाय फवारणीच्या वेळी दलालाकडून उचल घ्यायची, आणि उचल घेतली की माल त्यालाच घालायचा. १८७५ चा सावकार आणि आमचा दलाल यांच्यात मला तरी फार फरक दिसला नाही. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. पण ज्याने उचल घेतलीये त्याच्यासाठी दरवाजा उघडून उपयोग काय? पाय तर बांधलेलेच.

म्हणजे काकांचंही बरोबर होतं. एकट्याचं स्वातंत्र्य बरेचदा कागदावरच असतं.

मग मी वळलो महाराष्ट्राच्या सगळ्यात मोठ्या 'सगळ्यांनी मिळून विकू या' प्रयोगाकडे. कापूस एकाधिकार खरेदी योजना. कापूस काही धान्य नाही, पण या भांडणाचा इतका नीट धडा दुसरा सापडणार नाही.

१९७१ मध्ये कायदा झाला, १९७२ च्या हंगामापासून योजना सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघ घेणार. व्यापारी बाद. शेतकऱ्याला हमी भाव, आणि पुढे रुई-सरकी विकून नफा झाला तर बोनस. नफ्याचा काही भाग किंमत चढउतार निधीत, म्हणजे वाईट वर्षात त्यातून तोटा भरून निघेल. १९८४ मध्ये यासाठी कापूस उत्पादकांचा वेगळा महासंघही निघाला. कागदावर हे डिझाईन इतकं सुंदर आहे की मी असतो तर मीसुद्धा सही केली असती.

पण प्रॉडक्शनला गेल्यावर काय झालं? खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा. पैसे हप्त्यांनी. आधी सोसायटीचं कर्ज कापून घेतलं जायचं आणि उरलेलं कधीतरी हातात यायचं. ग्रेडर ठरवेल ती प्रत. आणि सगळ्यात मोठा घोटाळा सीमेवर. शेजारच्या मध्य प्रदेशात, गुजरातमध्ये, आंध्रात व्यापार मोकळा होता. तिकडे भाव जास्त असला की विदर्भातला कापूस रात्री सीमा ओलांडून जायचा. स्वतःच्या कापसाची तस्करी! (आजीची वळकटी आठवली.) आणि तिकडे भाव कमी असला की उलट तिकडचा कापूस इकडे येऊन केंद्रावर उभा राहायचा. म्हणजे योजनेच्या पदरात भरभरून कापूस पडायचा तो नेमका तोट्याच्या वर्षी.

भावासाठी आंदोलनंही झाली. शरद जोशी हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या टपाल संघटनेतली, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले होते. (ऑनसाईट सोडून परत आलेला माणूस! आपल्यापैकी किती जणांना जमेल?) त्यांच्या शेतकरी संघटनेने १९८० मध्ये कांदा-ऊस आंदोलन केलं आणि पुढे कापसाचा प्रश्न हाती घेतला. डिसेंबर १९८६ मध्ये हिंगोलीजवळ सुरेगावला आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. लक्षात घ्या, हा संताप कुणा शेटजीवर नव्हता. शेतकऱ्याच्या भल्यासाठी काढलेल्या योजनेत शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता, आणि दुसरीकडे जायची सोयही नव्हती.

शेवटी तोटा हजारो कोटींच्या घरात गेला आणि २००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा मिळाली. तीस वर्षांचा एकाधिकार संपला.

त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २००२ ला, पार तिकडे कॅनडात अल्बर्टा प्रांतातले तेरा शेतकरी तुरुंगात गेले. गुन्हा काय, तर स्वतःचा गहू-बार्ली परवान्याशिवाय अमेरिकेच्या सीमेपलीकडे नेली आणि दंड भरायला नकार दिला. एकाने तर तिकडच्या मुलांच्या एका क्लबला थोडासा गहू भेट दिला होता, बस. पण कॅनडातल्या प्रेअरी प्रांतांमध्ये गहू फक्त सरकारी गहू मंडळालाच विकायचा असा कायदा होता.

या मंडळाचा पूर्वेतिहास मला फार शिकवून गेला. १९२३-२४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून 'पूल' काढले होते. कुणी सक्ती केली नव्हती. पण एकदा सही केली की पाच वर्षं सगळा गहू पूललाच घालायचा करार. ते जोरात चालले. मग १९२९ नंतरच्या मंदीत भाव पडले आणि पूलचं विक्रीचं तंत्र कोलमडलं. १९३५ मध्ये सरकारी मंडळ आलं, तेही आधी ऐच्छिकच. महायुद्धात, १९४३ मध्ये, ते सक्तीचं झालं. युद्ध संपलं, सक्ती राहिली. ती गेली थेट १ ऑगस्ट २०१२ ला. आणि सगळे शेतकरी मंडळावर वैतागलेले होते असंही नाही. २०११ मध्ये मंडळाने घेतलेल्या मतदानात गहू पिकवणाऱ्या ६२ टक्के लोकांनी ते टिकावं असाच कौल दिला होता. पण उरलेल्या ३८ टक्क्यांना बाहेरचा रस्ता नव्हता, आणि माझ्या मते दुखणं तिथेच होतं.

आमच्या क्षेत्रात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. एखादं सॉफ्टवेअर तुम्ही आनंदाने घेता, चांगलं चालतं. पण तुमचा सगळा डेटा त्याच्या फॉरमॅटमध्ये अडकला की मग ते विकणारा तुमचे फोन उचलायचा बंद होतो. तुम्ही जाणार कुठे? पणन महासंघाचं, दलालाचं, सावकाराचं, तिघांचंही हेच झालं. एक सरकारी, दुसरा बाजारी, तिसरा घरगुती. समोरचा जाऊ शकत नाही हे कळलं की कुणीही काटा नीट तपासत नाही.

पण... (आणि इथे मी दोन वीकेंड अडकलो होतो) दरवाजा रोज, कधीही उघडा ठेवला तरी गट चालत नाही! बाहेर भाव चढला की जो तो चांगला माल बाहेर नेणार आणि उरलंसुरलं गटाच्या गळ्यात मारणार. कापूस योजना बुडाली त्यात याचाही वाटा आहेच. म्हणजे गटाची अट काही हट्ट नाही, त्यांना हीच भीती आहे.

मग मधला रस्ता? तो आपल्याकडेच सापडला. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढलं. एकेकट्याला युरोपात द्राक्षं पाठवणं शक्यच नव्हतं. शीतगृह, पॅकिंग, कागदपत्रं, सगळं एकट्याच्या आवाक्याबाहेर. तेवढं त्यांनी एकत्र केलं. संस्थेकडे जायचा तो निर्यातीच्या दर्जाचा माल, उरलेली द्राक्षं शेतकरी नेहमीच्या बाजारात विकायचा. जे एकट्याला झेपत नाही ते मिळून, जे झेपतं ते एकट्याने.

२०२० मध्ये तीन कृषी कायदे आले तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते. एक म्हणे स्वातंत्र्य, दुसरा म्हणे शेतकरी कंपन्यांच्या तोंडी. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. तेव्हा मी हिरीरीने एका बाजूने भांडलो होतो. आज वाटतं, दोन्ही बाजूंना विचारायचा प्रश्न एकच होता. नको असेल तेव्हा शेतकऱ्याला निघता येईल का, आणि निघाला तर बाहेर दुसरं कुणी उभं आहे का?

असो. दसऱ्याला घरी गेलो. माझ्याकडे प्रस्ताव तयार होता, चक्क एका पानाचा. एक, करार एका हंगामाचा. दोन, प्रत्येकाने साठ टक्के माल गटाला द्यायचा, चाळीस टक्के स्वतःचा. तीन, सोडायचं असेल तर दिवाळीपर्यंत सांगायचं, मध्येच नाही. चार, कुठल्या खोक्याला काय भाव आला ते त्याच दिवशी सगळ्यांना कळलं पाहिजे. पाच, गटाकडून उचल घेतली तरी ती पैशाने फेडता आली पाहिजे, मालानेच फेडायची सक्ती नको.

बाबांनी मान डोलावली. काकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तू पुण्याला नेतोस तो आंबा कुठला रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आढीतला कुठला? मोठा, बिनडागी, पहिल्या नंबरचा ना? मग तुझा चाळीस टक्के तो, आणि गटाला साठ टक्के कुठला देणार? उरलेला?"

मी गप्प. तीन वीकेंड मी कापसाच्या तस्करीवर वाचत होतो आणि घरातला तस्कर मीच होतो! पाच वर्षं पुण्यातल्या मित्रांना निवडून निवडून दिलेला आंबा, आणि बाजारात गेलेला उरलेला. "बाजारात भाव मिळत नाही" असं मीच वर सगळ्यांना सांगत फिरत होतो. दलालाचा दोष होताच, पण थोडा माझाही होता.

सहावं कलम काकांनी स्वतः लिहिलं. प्रत्येक तोडणीला आधी प्रतवारी, आणि प्रत्येक प्रतीतला साठ टक्के गटाचा. बैठकीत दोघांनी कुरकुर केली, साठाचे सत्तर झाले, बाकी कागद जवळपास तसाच मान्य झाला. या हंगामापुरता. माझ्या पुण्यातल्या गिऱ्हाइकांना यंदा पेटीत मधूनच एखादा लहान आंबा दिसेल, त्याचं कारण हे :)

निघताना बाबा आणि काका अंगणात उभे राहून पहिली फवारणी कधी करायची यावरून वाद घालत होते. एकमेकांशी, थेट. आजी ओटीवरून ऐकत होती. मी पाया पडलो तर म्हणाली, "कागदावर सही केलीत ते बरं केलंत. पण माझ्या भावाच्या नातवाला दोन पेट्या पाठवायच्या आहेत, त्या कुणाला विचारून पाठवायच्या?"

मी म्हटलं, "कुणाला नाही, आजी. त्या आपल्या तीस टक्क्यांतल्या."